सूक्ष्मश्वासनलिका शोथ, अर्भकांतील तीव्र

दोन वर्षांखालील बालकांच्या फुप्फुसांतील सर्वांत बारीक श्वासनलिकांना व्हायरसच्या संसर्गाने जी दाहयुक्त सूज येते, तिला तीव्र सूक्ष्मश्वासनलिका शोथ म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात ‘ब्राँकिओलायटिस’ हे इंग्रजी नावच रूढ आहे. पहिल्या वर्षात, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत, रुग्णालयात दाखल कराव्या लागणाऱ्या आजारांत याचे स्थान फार वरचे आहे. बहुसंख्य रुग्णांत श्वसन सिन्सिशियल व्हायरस (आर्. एस्. व्ही.) हा कारणीभूत असतो. ऱ्हायनोव्हायरस, पॅराइन्फ्ल्युएंझा व्हायरस, मेटान्यूमोव्हायरस व ॲडिनोव्हायरस यांमुळेही हा रोग होतो.

मोठ्या माणसाला ज्या संसर्गाने केवळ पडसे होते, त्याच संसर्गाने अर्भक गुदमरते. याचे कारण नलिकांच्या आकारमानात आहे. नलिकेतून वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा रोध हा स्थूलमानाने त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणजे त्रिज्या निम्मी झाली की, रोध सोळापट होतो. नलिकेच्या अस्तराची सूज, झडून पडलेल्या कोशिका (पेशी) आणि चिकट श्लेष्मा यांनी आधीच अरुंद असलेली वाट बुजते. श्वास आत येतो, पण बाहेर पडताना अडतो. त्यामुळे काही वायुकोश फुगलेले राहतात, तर काही हवा शोषली जाऊन मिटतात. रक्ताला ऑक्सिजन पुरेसा मिळत नाही.

रोगाचा आरंभ साध्या सर्दीने होतो. दोनतीन दिवसांनी खोकला वाढतो, श्वास जलद होतो, छातीतून शिटीसारखा वा चुरचुरण्याचा आवाज येतो, नाकपुड्या फुलतात आणि प्रत्येक श्वासाबरोबर बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते. बाळाला दूध ओढवत नाही. पोट जोराने वरखाली होताना दिसत असल्याने हा पोटाचाच विकार आहे, अशी समजूत अनेक ठिकाणी होती. पोटावर तापल्या विळ्याचे चटके देण्याच्या रीतीमागे ही समजूतही असावी. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी आजार शिगेला पोहोचतो व नंतर आपोआप उतरू लागतो. खोकला मात्र दोनतीन आठवडे रेंगाळतो. अगदी लहान वा अपुऱ्या दिवसांच्या बाळात खोकल्याऐवजी श्वास मधूनमधून थांबणे हेच पहिले लक्षण असू शकते. हा आपोआप उतरण्याचा गुण ध्यानात ठेवल्याशिवाय या रोगाच्या उपचारांचा इतिहास नीट समजत नाही. कारण पाचव्या दिवशी दिलेले कोणतेही औषध सहाव्या दिवशी गुणकारी ठरत आले आहे.

रोगाची ओळख : एकोणिसाव्या शतकातील यूरोपीय वैद्यकात या रोगाचे वर्णन सापडते, पण ते वेगवेगळ्या नावांखाली विखुरलेले आहे. ‘गुदमरविणारे पडसे’, ‘केशिका श्वासनलिका शोथ’, ‘दम्यासारखा श्वासनलिका शोथ’ अशी नावे वापरली जात. यांपैकी बरेचसे रुग्ण ‘ब्राँकोन्यूमोनिया’ या एका मोठ्या गठ्ठ्यात टाकले जात आणि शवपरीक्षेत जंतू आढळले की, तेच रोगाचे कारण मानले जाई. गोवर, डांग्या खोकला आणि क्षय यांनीच जेथे बालकांचे वॉर्ड भरलेले असत, तेथे आणखी एका न्यूमोनियाकडे निराळेपणाने पाहण्यास फारसे कोणाला सवडही नव्हती.

१९४१ मध्ये अमेरिकेतील मिनीॲपोलिस येथील बालरोगतज्ञ जॉन ॲडम्स यांनी अर्भकांतील न्यूमोनियाच्या एका साथीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. बत्तीस अर्भकांपैकी नऊ दगावली होती. मृत बालकांच्या श्वासनलिकांच्या अस्तरातील कोशिकांत सूक्ष्मदर्शकाखाली विशिष्ट पिंड (समावेशी पिंड) दिसले आणि त्यावरून हा रोग व्हायरसजन्य असावा, असे अनुमान ॲडम्स यांनी काढले. तो व्हायरस हाती लागेपर्यंत मात्र पंधरा वर्षे गेली. सुमारे दोन दशकांनी तशीच साथ आली, तेव्हा १९६१ मध्ये ॲडम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा संबंध नव्याने सापडलेल्या आर्. एस्. व्ही.शी जोडून दाखविला.

हा व्हायरस प्रथम सापडला तो मुलांत नव्हे, तर चिंपँझींत. वॉशिंग्टन येथील वॉल्टर रीड सैनिकी संशोधन संस्थेतील चिंपँझींना सर्दी झाली असता त्यांच्या घशातील स्रावापासून मॉरिस, ब्लाउंट व सॅव्हेज यांनी एक अज्ञात व्हायरस वेगळा केला व १९५६ मध्ये त्याचे वर्णन ‘चिंपँझीच्या सर्दीचा कारक’ या नावाने केले. प्राण्यांच्या सान्निध्यात काम करणाऱ्या एका व्यक्तीलाही तसाच आजार झाला होता. पुढच्याच वर्षी बॉल्टिमोर येथे रॉबर्ट चॅनॉक व त्यांच्या सहकाऱ्यांना श्वसनविकाराने आजारी असलेल्या दोन अर्भकांपासून तसाच व्हायरस मिळाला. शहरातील मुलांचे रक्तरस तपासता शाळेत जाण्याच्या वयापूर्वीच बहुतेकांत या व्हायरसविरुद्धचे प्रतिपिंड आढळले. याचा अर्थ उघड होता : चिंपँझींना हा रोग माणसापासून जडला होता. संवर्धनात हा व्हायरस शेजारशेजारच्या कोशिकांची पटले एकमेकांत विलीन करून त्यांचा एकच बहुकेंद्रकी पुंज (सिन्सिशियम) बनवितो. त्यावरून त्याचे सांप्रतचे नाव पडले. त्यानंतर चॅनॉक, रॉबर्ट पॅरट प्रभृतींनी वॉशिंग्टनच्या बाल रुग्णालयात वर्षानुवर्षे दाखल होणाऱ्या मुलांची तपासणी केली आणि दर हिवाळ्यात येणाऱ्या सूक्ष्मश्वासनलिका शोथाच्या लाटेमागे प्रामुख्याने हाच व्हायरस असतो, हे सिद्ध केले. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे पीटर गार्डनर व जॉइस मॅक्विलिन यांनी १९६८ मध्ये अनुस्फुरण-प्रतिपिंड पद्धतीने नाकातील स्रावात हा व्हायरस काही तासांत ओळखण्याची रीत रूढ केली. संवर्धनासाठी अनेक दिवस थांबावे लागत असल्याने तोपर्यंत निदान हाती येई, तेव्हा मूल बहुधा घरी गेलेले असे.

लशीचा अपयशी प्रयोग : पोलिओवरील मृत लशीचे यश ताजे होते. त्याच रीतीने आर्. एस्. व्ही. फॉर्मॅलिनने निष्क्रिय करून, संहत करून व तुरटीच्या संयोगाने एक लस बनविण्यात आली आणि १९६६ पासून अमेरिकेत अनेक ठिकाणी ती लहान मुलांना टोचली गेली. लशीने रक्तात प्रतिपिंड निर्माण झाले, त्यामुळे अपेक्षा वाढल्या. प्रत्यक्षात हिवाळ्यात साथ आली, तेव्हा उलटेच घडले. वॉशिंग्टनमधील गटात लस घेतलेल्या ३१ अर्भकांपैकी २० जणांना संसर्ग झाला व त्यांतील १६ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. तुलनेसाठी दुसरीच लस टोचलेल्या ४० अर्भकांपैकी २१ जणांना संसर्ग झाला, परंतु दाखल करावे लागले ते फक्त एकाला. लस घेतलेली दोन बालके मरण पावली. त्यांचे वय १४ व १६ महिने होते. हा वृत्तांत १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला.

लशीने रोगास आळा घालण्याऐवजी तो उग्र केल्याच्या मोजक्या नोंदींपैकी ही एक होय. प्रतिपिंड आढळणे आणि संरक्षण मिळणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हा धडा त्यातून मिळाला. पण त्याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांना स्वतःची संमती देण्याचेही वय नव्हते. फॉर्मॅलिनच्या प्रक्रियेने व्हायरसच्या पृष्ठावरील प्रथिनाचा नैसर्गिक आकार बिघडला होता; त्यामुळे तयार झालेले प्रतिपिंड व्हायरसला चिकटत, पण त्याला निष्प्रभ करू शकत नसत आणि शरीराची प्रतिक्रिया मात्र दाह वाढविणारी होई, असे पुढील संशोधनावरून दिसते. त्या वेळी यातले काहीच ज्ञात नव्हते. अर्भकांसाठी लस करण्याचे धाडस त्यानंतर कित्येक दशके फारसे कोणी केले नाही, आणि सूक्ष्मश्वासनलिका शोथाचा प्रश्न वॉर्डातच सोडवावा लागला.

रुग्णालयातील उपचार : १९५० ते १९७० या काळातील बालरुग्णालयांत हिवाळ्यात जाणाऱ्यास प्रथम दिसत ते प्लॅस्टिकचे तंबू. त्यात थंड धुके सोडलेले असे. धुक्याने श्लेष्मा पातळ होईल, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात पाण्याचे थेंब बारीक श्वासनलिकांपर्यंत क्वचितच पोहोचत. ओल्या दुपट्यात भिजलेले मूल गारठून जाई आणि आतील धुक्यामुळे त्याची छाती, ओठांचा रंग हे परिचारिकेला नीट दिसतही नसे. तंबूतील ऑक्सिजनचा मुलांना लाभ होत होता, धुक्याचा नव्हे, हे ध्यानात येण्यास वेळ लागला.

या बाबतीत १९६३ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी ऑस्मंड रेनल्ड्स व चार्ल्स कुक यांनी उपलब्ध उपचारांची छाननी केली आणि ऑक्सिजन हा या रोगात अत्यावश्यक असून इतर कोणत्याही उपचाराच्या उपयुक्ततेचा खात्रीलायक पुरावा नाही, असा निष्कर्ष मांडला. रोहिणीतील रक्ताच्या मोजमापांवरून या मुलांत ऑक्सिजनची तूट किती मोठी असते, हे त्याच सुमारास स्पष्ट झाले होते. तो निष्कर्ष छापून झाल्यावरही पुढील पन्नास वर्षे त्याची पुनःपुन्हा परीक्षा होत राहिली आणि तो बहुतांशी टिकला.

प्रतिजैव औषधांची पाळी प्रथम आली. १९६६ मध्ये बेलफास्ट येथे केलेल्या नियंत्रित चाचणीत ती दिलेल्या व न दिलेल्या मुलांत फरक आढळला नाही. रोग व्हायरसजन्य असल्याने हे अपेक्षितच होते, तरी आजही ती सवयीने लिहून दिली जातात. कॉर्टिकोस्टेरॉइडांबाबत २९७ मुलांवरील सहकारी चाचणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. लाभ दिसला नाही. हाच प्रश्न २००७ मध्ये अमेरिकेतील २० रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत ६०० अर्भकांवर पुन्हा तपासला गेला आणि उत्तर तेच आले. दम्यातील औषधे इथेही लागू पडतील, हा मोह समजण्यासारखा आहे, कारण छातीतील शिटी सारखीच असते. परंतु दम्यात मुख्यतः नलिकेभोवतीचा स्नायू आकुंचन पावतो, तर येथे नलिका आतून बुजलेली असते. श्वासनलिका-विस्फारकांनी क्षणिक आराम पडला, तरी रुग्णालयातील मुक्काम कमी होत नाही, असे आढळले आहे. नॉर्वेतील ४०४ अर्भकांच्या २०१३ च्या चाचणीत ॲड्रेनॅलिनाचा फवारा साध्या खारट पाण्याच्या फवाऱ्यापेक्षा सरस ठरला नाही. उलट ठराविक वेळी फवारे देण्यापेक्षा गरज पडेल तेव्हाच दिल्याने मुले लवकर घरी गेली. निजलेल्या बाळाला औषधासाठी उठवू नये, हे आज्यांचे मत असे उशिरा का होईना, सिद्ध झाले.

रिबाव्हिरीन या व्हायरसविरोधी औषधाची कथा अधिक बोधप्रद आहे. १९८० नंतर ते फवाऱ्याने देण्यात येऊ लागले. ते महाग होते, दिवसाकाठी बारा बारा तास द्यावे लागे आणि प्राण्यांत गर्भाला अपायकारक ठरल्याने गर्भवती परिचारिकांना त्या खोलीपासून दूर ठेवावे लागे. १९९१ च्या एका चाचणीत कृत्रिम श्वसनावर असलेल्या अर्भकांना त्याचा लाभ झालेला दिसला. पण तुलनेच्या गटाला शुद्ध पाण्याचा फवारा दिलेला होता, आणि शुद्ध पाण्यानेच श्वासनलिका आवळल्या जाऊ शकतात. खारट पाण्याशी तुलना केल्यावर तो लाभ दिसेनासा झाला. फ्रान्समध्ये छाती दाबून श्लेष्मा मोकळा करण्याची भौतिकी चिकित्सा फार लोकप्रिय होती. ४९६ अर्भकांवरील २०१० च्या चाचणीत तिने बरे होण्याचा काळ कमी होत नसल्याचे दिसून आले.

रुग्णालयातच लागण : मूल एका रोगासाठी दाखल व्हावे आणि तेथेच त्याला दुसरा रोग जडावा, ही बालवॉर्डातील जुनी तक्रार. आर्. एस्. व्ही.च्या बाबतीत तिचा पद्धतशीर अभ्यास न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे कॅरोलाइन ब्रीझ हॉल यांनी केला. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अन्य कारणांसाठी दाखल झालेल्या ४४ अर्भकांपैकी १४ जणांना वॉर्डातच या व्हायरसची लागण झाली. मुक्काम जितका लांबे, तितका धोका वाढे. २४ कर्मचाऱ्यांपैकी १० जणांनाही लागण झाली होती, आणि त्यांना ती साधी सर्दीच वाटे.

पुढे १९८१ मध्ये हॉल यांनी एक साधा पण अत्यंत निर्णायक प्रयोग केला. स्वयंसेवकांचे तीन गट केले. पहिल्याने आजारी बाळाला कुशीत घेऊन त्याचे सर्व काही केले. दुसऱ्याने बाळ खोलीत नसताना त्याच्या पाळण्याला व वस्तूंना हात लावले व तोच हात स्वतःच्या नाकाडोळ्यांना लावला. तिसरा गट बाळापासून सहा फुटांहून अधिक अंतरावर नुसता बसून राहिला. पहिल्या गटातील सातांपैकी पाच व दुसऱ्यातील दहांपैकी चार जणांना लागण झाली. तिसऱ्या गटातील चौदांपैकी एकालाही झाली नाही. हा रोग दूरवर हवेतून नव्हे, तर मुख्यतः निकटच्या सहवासाने व हातांनी पसरतो, हे यावरून कळले. हात धुणे, आजारी मुले एकत्र व इतरांपासून वेगळी ठेवणे आणि सर्दी झालेल्या कर्मचाऱ्याने अर्भकांपासून दूर राहणे या उपायांनी वॉर्डातील लागण पुष्कळ घटली. एका बाजेवर दोन मुले निजवावी लागतात, अशा रुग्णालयांत मात्र हे उपाय कागदावरच राहतात.

मोजमापाचे उपकरण : बोटाला लावलेल्या चिमट्यातून प्रकाश पाठवून रक्तातील ऑक्सिजनची संपृक्तता मोजण्याचे तत्त्व जपानमधील ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडले. १९८० नंतरच्या दशकात ही उपकरणे रुग्णालयांत सर्वत्र पोहोचली. सुई न टोचता ऑक्सिजनची तूट कळू लागली, ही मोठीच सोय झाली. परंतु त्याबरोबर एक अनपेक्षित परिणाम दिसला. अमेरिकेत एक वर्षाखालील दर हजार मुलांमागे या रोगासाठी १९८० मध्ये १२·९ मुले दाखल होत. १९९६ मध्ये हा आकडा ३१·२ झाला. रोग एवढा वाढला असण्याची शक्यता कमी. दाखल करण्याचा उंबरठा खाली आला, हे अधिक संभवनीय आहे.

याची परीक्षा २०१४ मध्ये टोराँटो येथे झाली. २१३ अर्भकांपैकी निम्म्यांच्या उपकरणांवरील आकडा खऱ्यापेक्षा तीन अंकांनी वाढवून दाखविण्यात आला. खरा आकडा दिसत होता, त्या गटातील ४१% मुले ७२ तासांत दाखल झाली. वाढीव आकड्याच्या गटातील २५%. मुलांच्या प्रकृतीत फरक नव्हता, कागदावरील आकड्यात होता. २०१५ मध्ये ब्रिटनमधील आठ रुग्णालयांत ६१५ अर्भकांवर झालेल्या चाचणीतही ९४ ऐवजी ९० टक्के संपृक्तता पुरेशी मानल्याने बरे होण्यास उशीर लागला नाही, मात्र ऑक्सिजन पुष्कळ लवकर बंद करता आला.

नाकावाटे उष्ण व दमट ऑक्सिजन मोठ्या वेगाने देण्याची पद्धत अलीकडे सर्वत्र झाली आहे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील १,४७२ अर्भकांच्या २०१८ च्या चाचणीत नेहमीचा ऑक्सिजन अपुरा पडण्याचे प्रमाण २३% होते, ते या पद्धतीने १२% वर आले. पण अतिदक्षता विभागात जाणाऱ्यांची संख्या वा मुक्काम घटला नाही. दूध ओढवत नसेल, तर नाकातून घातलेल्या नळीने ते देणे शिरेतून द्रव देण्याइतकेच सुरक्षित ठरले आहे. ऑक्सिजन, पोषण, नाक मोकळे ठेवणे आणि लक्ष ठेवणे, एवढ्यावर आजचा रुग्णालयीन उपचार उभा आहे.

प्रतिबंध : लशीच्या अपयशानंतर तयार प्रतिपिंड टोचण्याचा मार्ग निघाला. १९९८ मध्ये पॅलिव्हिझुमाब हे एककृंतकी प्रतिपिंड अमेरिकेत मान्य झाले. अपुऱ्या दिवसांच्या वा फुप्फुसे अशक्त असलेल्या १,५०२ बालकांवरील चाचणीत रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण १०·६% वरून ४·८% वर आले होते. पण ते साथीच्या मोसमात दरमहा टोचावे लागे व त्याची किंमत अतिशय असे, त्यामुळे निवडक मुलांपलीकडे ते गेले नाही. खरी प्रगती २०१३ मध्ये झाली. बार्नी ग्रेअम, जेसन मॅक्लेलन व पीटर क्वाँग यांच्या गटाने व्हायरसच्या संयोगी प्रथिनाचा, तो कोशिकेला जुळण्यापूर्वीचा अस्थिर आकार निश्चित केला. फॉर्मॅलिनच्या लशीत नेमका हाच आकार हरवला होता. या आकारावर आधारलेली लस २०२३ मध्ये गर्भवती स्त्रियांसाठी मान्य झाली. मातेचे प्रतिपिंड वारेतून गर्भाला मिळतात. निर्सेव्हिमाब हे एका टोचणीत पूर्ण मोसम पुरणारे प्रतिपिंड यूरोपात २०२२ मध्ये मान्य झाले. फ्रान्स, जर्मनी व ब्रिटन येथील ८,०५८ अर्भकांच्या चाचणीत त्याने आर्. एस्. व्ही.मुळे दाखल होण्याचे प्रमाण सु. ८३% कमी केले. प्रत्यक्ष अर्भकाला टोचावयाच्या लशीबाबत मात्र १९६६ ची सावली सरलेली नाही. अशा एका नव्या लशीची चाचणी २०२४ मध्ये लस घेतलेल्या मुलांत आजार तीव्र होत असल्याच्या शंकेवरून थांबविण्यात आली.

वरील बहुतेक सर्व ज्ञान रुग्णालयात पोहोचलेल्या मुलांपासून मिळाले आहे. २०१९ साली जगात पाच वर्षांखालील मुलांत आर्. एस्. व्ही.मुळे खालच्या श्वसनमार्गाचे सु. ३·३ कोटी आजार झाले व सु. ३६ लाख मुले रुग्णालयात दाखल झाली, असा अंदाज आहे. रुग्णालयातील मृत्यू सु. २६,३०० आणि एकूण मृत्यू सु. १,०१,४०० होते, म्हणजे दर चार मृत्यूंपैकी सुमारे तीन रुग्णालयाबाहेर झाले, आणि जवळजवळ सर्व गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत. महाराष्ट्रातील मेळघाटात २०१६ नंतरच्या काही वर्षांत आदिवासी गावांतील दोन वर्षांखालील मुलांचा घरोघर जाऊन अभ्यास झाला व घरी दगावलेल्या मुलांच्याही नाकातील नमुने तपासले गेले. जन्मानंतरचा पहिला महिना उलटल्यावर होणाऱ्या अर्भकमृत्यूंचे आर्. एस्. व्ही. हे महत्त्वाचे कारण असल्याचे त्यावरून दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये मातेची लस अथवा दीर्घकाळ टिकणारे प्रतिपिंड यांपैकी एकाचा उपयोग सर्व देशांनी सुरू करावा, अशी शिफारस केली. डोंगरातील पाड्यावरच्या बाळाच्या दृष्टीने मात्र सर्वांत जवळचा उपाय ऑक्सिजन हाच असून तो प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणि तेथपर्यंत नेणाऱ्या वाहनात, आहे की नाही यावर बरेच काही अवलंबून असते.